घरातला 'पंप': बॅटरीवालं सक्शन मशीन १४ महिने वापरून

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाही. हाच पांढरा-निळा डबा मी तीन दुकानांत तीन वेगवेगळे स्टिकर लावलेला बघितलाय, त्यामुळं नावाचा काही उपयोग नाही, घेताना काय बघायचं ते कळलं तर उपयोग आहे आणि तेच मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमची छोटी सहा वर्षांची. जन्मताना ऑक्सिजन कमी पडला, मग फिट्स, मग दर पावसाळ्यात न्युमोनिया, आणि तीन वर्षांपूर्वी गळ्यात नळी बसवली, पोटात पण एक आहे जेवणासाठी. गळ्यातल्या नळीत कफ साठला की तिला तो खोकून बाहेर काढता येत नाही, आपण काढायचा, दिवसातनं आठ-दहा वेळा, सर्दी झाली की मोजायचंच सोडून द्यायचं. म्हणून हे मशीन. घरात त्याला सक्शन कुणी म्हणत नाही, सासूबाईंनी पहिल्याच दिवशी आवाज ऐकून "मळ्यातला पंप आणलास काय गं" म्हटलं आणि तेव्हापासून तो पंपच. थोरला शाळेतनं आल्या आल्या विचारतो, पंप चार्जिंगला आहे काय.

आधी आम्ही भाड्यानं घेतलं होतं बेळगावातनं. महिना १५०० भाडं, ५००० डिपॉझिट. ते नुसतं करेंटवर चालणारं, वजन एवढं की खाली ठेवलं की तिथंच राहायचं. आम्ही खानापूर भागातले. ज्यांना आमच्याकडचा पाऊस माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नकोच. जुलैत एका रात्री करेंट गेला, छोटीची घुरघुर चालू, इन्व्हर्टर आधीच दोन तास पंखा आणि लाईट ओढून दमलेला, मशीन लावलं तर टीं टीं करून तो पण बंद. ह्यांनी करेंट ऑफिसला फोन लावला, "यावाग बर्तैत्री?" म्हणजे कधी येणार. तिकडनं उत्तर, "गिडा बिद्दैत्री." झाड पडलंय म्हणे. झाड पडलंय हे खरंच होतं, त्या माणसाचा काय दोष, तो बिचारा पण पावसातच उभा असणार. त्या रात्री ५० एमएलची सिरींज कॅथेटरला, म्हणजे कफ ओढायच्या बारीक नळीला, जोडून हातानं ओढून कफ काढला. सकाळी हे म्हणाले, काय पण होऊ दे, बॅटरीवालं घ्यायचं.

तर घेतलं, १४,५०० ला. बिल मागून घ्या, दुकानदार "बिल नको असंल तर कमी करतो" म्हणतात पण वॉरंटीला बिलाशिवाय कुणी उभं करत नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून असल्या मेडिकल उपकरणांवरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्के झालाय, आम्ही त्याच्या आधी घेतलं ते आमचं नशीब, तुम्ही घेत असाल तर बिलावर ५ च लावलाय काय ते बघा.

आता मेन गोष्ट. दुकानात सगळे तुम्हाला ओढायची ताकद दाखवतात. पाण्याच्या बाटलीत पाईप घालून सर्रकन पाणी ओढून दाखवतात आणि आपण पण खूश होतो. अहो पण लहान मुलाला ती ताकद लागतच नाही! आम्हाला हॉस्पिटलच्या सिस्टरनं शिकवलंय, प्रेशरचा काटा ८० ते १०० च्या मध्ये, एमएमएचजी मध्ये, बीपी मोजतात त्याच मापात. मशीन जातंय ६०० पर्यंत. म्हणजे खरं बघायचं ते हे, की कमी प्रेशरवर काटा स्थिर राहतोय काय. आमच्या मशीनचा नॉब खालच्या बाजूला फार नाजूक आहे, केसभर फिरवला की ९० वरनं १५० वर जातंय. याला माझा एक स्टार कमी.

आणि काट्याची अजून एक गंमत, गंमत कसली, चूकच, आमचीच. गेजवर आकड्यांच्या दोन ओळी आहेत, बाहेर एमएमएचजी, आत केपीए, ते प्रेशरचंच दुसरं माप. ८० केपीए म्हणजे ६०० एमएमएचजी होतात, आणि आपल्याला पाहिजे ते १०० एमएमएचजी म्हणजे जेमतेम १३ केपीए. पहिल्या दिवशी ह्यांनी आतल्या ओळीतले ८० बघून लावलं. हे उद्यमबागला, बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, लेथवर काम करतात, रोज गेज बघणारा माणूस, तरी चुकले, कारण रात्रीचे अडीच वाजलेले आणि पोरगी निळी पडत होती. कफात लालसर आलं तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या ओळीवर १०० च्या जागी लाल नेलपॉलिशची रेघ मारली आणि आतली ओळ चिकटपट्टीनं झाकून टाकली. तुम्ही पण मशीन घरी आलं की पहिलं हेच करा, पूजा नंतर करा.

बॅटरी. डब्यावर लिहिलंय ९० मिनिटं. नवीन असताना मी घड्याळ लावून बघितलं, ७० भरली. आता १४ महिन्यांनी ४० च्या आसपास. ऐकायला कमी वाटतंय पण एका वेळेला कॅथेटर आत घालून बाहेर काढायचं सगळं मिळून ५ ते १० सेकंदाचंच काम असतंय, त्याच्यापेक्षा जास्त वेळ ठेवायचंच नाही, त्या वेळात तिला श्वास मिळत नसतोय. असं दोन-तीनदा करायचं, मध्ये दम घेऊ द्यायचा. त्यामुळं ४० मिनिटात रात्र निघते. फक्त चार्जिंगचा लाईट लबाड आहे, हिरवा म्हणजे फुल असं समजू नका, हिरवा झाल्यावर पण अजून दोन तास ठेवावं लागतंय.

गाडीत लावायची वायर सोबत मिळाली, १२ व्होल्टची. आमच्याकडं गाडी नाही, आम्ही बसनं जातो. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासनं माझं तिकीट लागत नाही, महिन्याला दोनदा बेळगावला फिजिओथेरपीला जायचं म्हणजे तेवढे पैसे वाचतात आणि ते सगळे कॅथेटरमध्ये जातात. पण फुकट म्हणून बसमध्ये गर्दी पण तशीच. मांडीवर छोटी, पायात पंपाची बॅग, खांद्यावर दुसरी बॅग, तिच्यात जादाची नळी, त्याच्यापेक्षा एक साईज लहान अजून एक नळी, अंबू बॅग म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, सलाईन, नळी गळ्याला बांधायच्या दोऱ्या. मशीनचं वजन चार किलोच्या वर आहे, जाहिरातीत 'हलकं' लिहिलंय, ज्यानं लिहिलंय त्यानं खानापूरच्या स्टँडवर एकदा माझ्याबरोबर चढून दाखवावं. कंडक्टर लोक मात्र चांगले भेटलेत. एकदा मच्छेजवळ बसमध्येच सक्शन करायची वेळ आली, मशीन चालू केल्यावर सगळी बस मागं वळून बघायला लागली, एक म्हातारी म्हणाली, "काय करूलास गं पोरीला?" मी म्हटलं कफ काढूलोय आज्जी. तिनं पदरानं छोटीचं तोंड पुसलं आणि वडगावपर्यंत माझी बॅग स्वतःच्या मांडीवर धरून बसली.

आवाजाबद्दल. दिवसा काही वाटत नाही, रात्री तीन वाजता तो आवाज गल्लीत जातोय. आम्ही खाली जुनी घोंगडी चौघडी करून ठेवतो, त्यानं बराच फरक पडला. वरनं झाकू नका, मोटर तापते. माझी खरी तक्रार वेगळीच आहे, मशीन चालू असताना तिच्या छातीतली घुरघुर ऐकू येत नाही, आणि मला सगळं त्या घुरघुरीवरनंच कळतंय. कफ सुटा आहे की चिकट, वर आलाय की अजून खाली आहे, सलाईनचा थेंब टाकायचा काय. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात, मला भाकऱ्या थापताना चुलीजवळनं कळतं. म्हणून मी दर वेळेला मशीन बंद करून ऐकते, मग परत चालू. स्विच १४ महिन्यात सैल झालाय त्याचं कारण हेच असणार.

फिल्टरचा किस्सा सांगायचा राहिलाच. कफ साठतो तो जार आणि मोटर यांच्या मध्ये एक चपटा गोल फिल्टर असतोय. जार भरून पाणी त्याला लागलं की तो मुद्दाम हवा अडवतो, मोटरमध्ये घाण जाऊ नये म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका रात्री मोटर चालू, आवाज चालू, पण ओढतच नाही. मला वाटलं १४,५०० गेले. सकाळी ज्या दुकानातनं घेतलं तिथं फोन केला तर म्हणाला, "अक्का, तो फिल्टर काढून टाका, डायरेक्ट पाईप जोडा, काय होत नाही." ऐकू नका असलं. फिल्टर काढला की कफाचं पाणी मोटरमध्ये आणि तिथले जंतू हवेत. आम्ही दुसऱ्या दुकानातनं पाच फिल्टर आणून ठेवले आणि जार अर्धा झाला की रिकामा करतो, भरायची वाट बघत नाही. याला अजून एक स्टार कमी, मशीनचा नाही, विकणाऱ्याचा.

जार धुवायचं काम सासूबाईंनी स्वतःकडं घेतलंय. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही, एक दिवस बघितलं तर परसात बसून साबणाच्या पाण्यानं घासत होत्या. झाकणाची रबराची रिंग महिन्याभरात सैल होते आणि मग हवा लीक होऊन काटा चढत नाही. कंपनीची रिंग मागवली तर तीन आठवडे. ह्यांनी कामावरनं त्याच मापाची ओ-रिंग आणली, दहा रुपयाला, ती अजून टिकून आहे.

कॅथेटर घेताना रंग लक्षात ठेवा, दुकानातली नवीन पोरं कधी कधी चुकीचं देतात. ६ नंबर फिकट हिरवं, ८ निळं, १० काळं. छोटीच्या गळ्यातली नळी साडेचार नंबरची, तिला ८ नंबर, निळं. मोठं घातलं तर कफ जास्त निघेल असं वाटतंय पण नळी भरून जाते आणि पोरीला श्वासच घेता येत नाही. आणि किती आत घालायचं ते मोजून ठेवा, तेवढ्याच मापाची गळ्यातली एक जुनी नळी आम्ही खिडकीला बांधून ठेवलीय, कॅथेटर तिच्याशी लावून बघायचं आणि मगच आत.

ऑनलाईन घ्यावं की दुकानातनं? ऑनलाईन दीड-दोन हजार कमी दिसतंय. पण आमच्या ओळखीच्या एका घरी निपाणीला ऑनलाईन आलेल्या मशीनचा काटा शून्यावर येतच नव्हता, परत पाठवून नवीन यायला १२ दिवस लागले, तोपर्यंत ते भाड्याच्यावर. तेवढे दिवस थांबता येत असेल तर घ्या ऑनलाईन. आणि कुठूनही घेतलं तरी पायानं दाबायचा सक्शन पंप एक घरात ठेवा. बॅटरी नको, करेंट नको. आमचा दाराच्या मागं टांगलाय, दोनदाच लागलाय, पण पाऊस सुरू झाला की मी रोज संध्याकाळी एकदा दाबून बघते.

पाचपैकी तीन. परत घ्यायची वेळ आली तर हेच घेईन काय? घेईन, पण दुसऱ्या दुकानातनं. बॅटरी बदलायला किती घेतात ते अजून विचारलं नाही, पावसाळ्याआधी बदलायचीच आहे, आकडा कळला की इथंच लिहिते.