तीन किलो दोनशे ग्रॅमचं दार

खरं तर हे लिहिणार नव्हतो. गाडीची दारं घेताना मी फसलो, ती गोष्ट घरात आणि उद्यमनगरातल्या चार माणसांत ठेवली होती. पण गेल्या महिन्यात नाशिकहून एका मुलाचा फोन आला आणि गप्प बसणं बरं नव्हे असं वाटलं. फोनचं शेवटी सांगतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक रेडियल ड्रिल. गिऱ्हाईक ड्रॉइंग घेऊन येतं, मी तिथल्या तिथे कागदाच्या पाठीवर वजन काढतो, मटेरियलचा भाव लावतो, मजुरी धरतो आणि आकडा सांगतो. पंचवीस वर्षं हेच करतोय. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना मला किती हसायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

नाद गाडीचा. माझ्याकडे 2004 ची मारुती एस्टीम आहे. रस्त्यावर ती येत नाही, टेम्पोवर चढते आणि ट्रॅकवर उतरते. एस्टीमच का, असं नवी मुलं विचारतात. 1.3 लिटरचं इंजिन, नऊशे किलोच्या आतली गाडी, आणि पार्ट अजून भंगारात मिळतात. एके काळी आपल्याकडच्या रेसिंगमध्ये ह्या गाड्या रांगेनं उभ्या असायच्या. वर्षातून एक-दोनदा आम्ही चार मित्र कोइम्बतूरजवळच्या चेट्टिपाळयमला, कारी मोटर स्पीडवेवर जातो. 2.1 किलोमीटरचा छोटा, वळणावळणाचा ट्रॅक. एस. करिवर्धन यांच्या नावाचा. कापड गिरणीच्या घराण्यातला हा माणूस स्वतः रेसच्या गाड्या बांधायचा, मारुती 800 च्या इंजिनावर त्यांनी फॉर्म्युला मारुती उभी केली. 1995 ला विमान अपघातात गेले. तिथल्या गॅरेजात पोरं हातानं अंगं घडवतात ते बघितलं की आपलं उद्यमनगर आठवतं.

तिथेच एका गाडीची दारं मी उघडून बघितली. बोटानं उघडली! फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्यांवर रेझिन ओतून केलेली, आतून मोकळी. परत येताना टेम्पोत तेच डोक्यात. घरी आल्यावर माझ्या गाडीचं पुढचं दार उतरवून काट्यावर ठेवलं: काच, काच वर-खाली करायची यंत्रणा, कुलूप, आतलं कव्हर सगळं धरून 22 किलो. मागचं 18. चार दारं मिळून 80 किलो. म्हणजे एक धष्टपुष्ट माणूस शेजारी बसवून मी रेस करत होतो.

शोधाशोध सुरू झाली. बाहेर देशात होंडा सिव्हिकची हलकी दारं ढिगानं मिळतात, एस्टीमची कोण करणार? आणि एक दिवस एका खरेदी-विक्रीच्या ॲपवर जाहिरात दिसली. एस्टीम आणि मारुती 1000 साठी कार्बन फायबरची दारं, चार दारांचा सेट 56 हजार. फोटोत दार सामानाच्या हुककाट्याला टांगलेलं आणि काट्यावर आकडा 3.2 किलो.

फोन केला. माणूस गोड. हिंदीत बोलायचा, स्वतःला कोइम्बतूरचा सांगायचा, कारीवर येतो म्हणायचा. एक गोष्ट त्यानं अशी विचारली की माझा विश्वास तिथेच बसला. "सर, केजमध्ये डोअर बार आहेत ना? नसतील तर मी दारं देत नाही." म्हणजे बघा, बाजूनं धडक बसली तर आडवी येणारी पट्टी मूळ दाराच्या पोटात असते, ती ह्या दारात नसते, म्हणून रोलकेजला, म्हणजे गाडीच्या आत बसवलेल्या पाइपांच्या पिंजऱ्याला, बाजूचे पाइप हवेत. हे खरंच आहे. माझ्या केजला ते आहेत. पण विक्रेता गिऱ्हाइकाच्या जिवाची काळजी करतोय, मग हा पैशाला कसा फसवेल, असा माझा सरळ हिशोब. विषय माहीत असलेला माणूस प्रामाणिकही असतो, हे मला कोणी शिकवलं होतं कुणास ठाऊक.

बुकिंगचे 20 हजार यूपीआयनं. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव दुसऱ्याचंच आलं. विचारलं तर "मेव्हण्याचं खातं आहे, माझ्या खात्याची लिमिट संपली." बरं. मग फिटिंग बघायला म्हणून त्यानं माझ्या गाडीचे फोटो मागितले, सगळ्या बाजूंनी. मी शॉपच्या दारात गाडी उभी करून झकास वीस फोटो पाठवले. हे फोटो लक्षात ठेवा.

तीन आठवड्यांनी साच्यात काळं कापड अंथरलेला एक फोटो आला आणि खाली, "सर, बाकी भेजो, पॅकिंग चालू है." उरलेले 36 हजार गेले. मग लाकडी क्रेट आणि ट्रान्सपोर्टचे 3,800, हे "परत मिळणारे". तेही गेले. एकूण 59,800. बिल आलं, त्यावर जीएसटी नंबर होता, मी खूश.

त्या नंबराविषयी इथेच सांगतो, कारण ते दोन मिनिटांचं काम होतं आणि मी ते दोन महिन्यांनी केलं. जीएसटी नंबर 15 अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्र 27, तमिळनाडू 33. माझ्या बिलावर सुरुवात होती 07 नं. 07 म्हणजे दिल्ली. कोइम्बतूरच्या माणसाचा नंबर दिल्लीचा! सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकला तर नंबर खरा निघाला, पण कुठल्या तरी कपड्याच्या व्यापाऱ्याचा. त्या बिचाऱ्याला ह्यातलं काही माहीतही नसेल. रोज मी गिऱ्हाइकांची बिलं फाडतो, रोज 27 लिहितो, आणि 07 डोळ्यासमोर असून दिसला नाही.

बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटोही आला होता. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला चार चकरा झाल्या, तो नंबर त्यांच्याकडे नव्हताच. सात आठवडे फोनवर "आज निघाली, उद्या निघाली." मी पोलिसांत जातो म्हटल्यावर आठवड्याभरात खरंच माल आला. दोन दारं. पुढची. क्रेट नाही, गोणपाटात गुंडाळलेली.

उचललं तेव्हाच हाताला कळलं. काट्यावर ठेवलं: 11 किलो 400 ग्रॅम. नुसतं दार, काच नाही, कुलूप नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला फायबरवाले आण्णा आहेत. ट्रॅक्टरची टपं, बसचे डॅशबोर्ड, देवळाचे कळस, काय म्हणाल ते करतात. त्यांना बोलावलं. त्यांनी दाराला आधी नखानं वाजवलं, मग नाण्यानं. काही ठिकाणी टणक आवाज, काही ठिकाणी भद्द. "इथं पुट्टी हाय," म्हणाले. कडेला पॉलिश पेपर मारला. वरचा चकचकीत थर गेला, त्याखाली काळी विणीची नक्षी होती ती पण पापुद्र्यासारखी निघाली, आणि खालून काचेच्या धाग्यांची पांढरट मॅट, म्हणजे साधं फायबर. स्टिकर! मॅटवर लावलेला कार्बनच्या नक्षीचा स्टिकर आणि वर क्लिअर कोट.

माझ्याकडे वायरिंगला येणारा पोरगा उभा होता. तो म्हणाला, "दादा, मल्टीमीटर लावू का?" आणि लावला. कार्बन वीज वाहून नेतो, काच नेत नाही. घासलेल्या कडेवर दोन टोकं टेकवली तर मीटर ढिम्म. त्यानं शॉपमधली कार्बनची एक जुनी फिशिंग रॉड आणून तिची तुटकी कड दाखवली, मीटर लगेच बोललं. वीस वर्षांच्या पोराला सुचलं. कुणी समोरासमोर कार्बनची वस्तू विकत असेल तर खिशात दोनतीनशे रुपयांचं मीटर ठेवा. मात्र कड घासू द्यायला विक्रेता तयार हवा. नुसत्या पॉलिशवर टोकं लावून काही कळत नाही. आणि मीटर बोललं तरी आत मॅट नि वर एकच थर कार्बनचा असू शकतो, वजन करायचंच.

आण्णांनी मग माझ्या मोबाइलवर तो जाहिरातीतला फोटो मोठा करून बघितला. "ही दोरी बघ. ढिली हाय. खालनं कुणीतरी हात लावलाय." फोटो दाराच्या खालच्या अंगाला कापलेला होता. मी तो फोटो किमान शंभर वेळा बघितला असेल.

पण खरी चपराक पुढे होती. आण्णा म्हणाले, "तू पत्र्याचा माणूस, तुझं तूच काढ की वजन." काढलं, कागदाच्या पाठीवर. दाराचा बाहेरचा पत्रा साधारण 0.7 मिलिमीटर. पोलादाची घनता 7.85. म्हणजे एक चौरस मीटर पत्रा साडेपाच किलो. हातानं केलेलं फायबर 3 मिलिमीटर जाड धरलं, घनता दीड-पावणेदोन, तर चौरस मीटरला साडेचार-पाच किलो. फरक किती? अर्धा-एक किलो! 5 मिलिमीटर जाड केलं, जसं माझ्या नशिबी आलं, तर फायबर पत्र्यापेक्षा जड. माझ्या मूळ दारातून काच, यंत्रणा, कुलूप, कव्हर काढून नुसता सांगाडा तोलला तर 13 किलो भरला. साठ हजार देऊन दारामागे दीड किलो वाचवला होता मी. कारीवर जी दारं मला बोटानं उघडता आली, ती फायबरची होती म्हणून हलकी नव्हती. ती पातळ होती आणि आत काही नव्हतं.

मग कार्बनचा भाव. पुण्याच्या एका दुकानदाराला फोन करून विचारलं, चौरस मीटरला 200 ग्रॅम भरणाऱ्या साध्या विणीच्या कापडाचा भाव त्यानं चौरस मीटरला 2,200 सांगितला. आतलं-बाहेरचं मिळून एका दाराला सव्वा-दीड मीटर, कमीत कमी तीन थर, चार दारं, वाया जाणारं धरून 18 मीटर. नुसतं कापड चाळीस हजारांचं. रेझिन, साचा, व्हॅक्यूमचा पंप, माणसांचे दिवस, हे सगळं उरलेल्या सोळा हजारांत कोण करेल? दुसऱ्या कुणी मला असं कोटेशन दाखवलं असतं तर मी चहा पाजून त्याला घरी पाठवलं असतं.

तक्रारीचं थोडक्यात सांगतो. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला, त्यांच्या पोर्टलवर नोंद केली. पण पैसे जाऊन दोन महिने झालेले. त्या खात्यात काही उरलं नव्हतं. पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यांत पैसे अडवायची संधी असते, नंतर ती कमी होत जाते. पोलीस ठाण्यात साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माल आलाय ना?" आलाय. "मग हा मालाच्या दर्जाचा वाद झाला." तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो भामटा गोणपाटात दोन दारं का पाठवतो. काहीच नाही पाठवलं तर फसवणूक उघड दिसते. काहीतरी पाठवलं की गिऱ्हाइकाची नापसंती होते. ती दोन दारं म्हणजे त्याचा विमा. ग्राहक हेल्पलाइनलाही, 1915 ला, नोंद करून झाली. ग्राहक आयोगात जायचं तर समोरच्याचा पत्ता हवा, आणि पत्ता होता तो त्या कपड्याच्या व्यापाऱ्याचा.

शेवटी गाडीचं काय केलं? जुनीच दारं घेतली. काच आणि यंत्रणा काढली, खिडकीला 3 मिलिमीटरची पॉलीकार्बोनेट शीट रिबिट केली, आतल्या पत्र्याला होलसॉनं भोकं पाडली. बिजागरीची जागा, कुलूप आणि ती आडवी पट्टी, ह्यांना हात लावला नाही. 22 चं दार साडेतेरावर आलं. मागची दोन धरून गाडी 30 किलोनं उतरली. खर्च शीटचा आणि एका रविवारचा. बायको म्हणाली, "हे आधी का नाही केलं?" तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि तो नाशिकचा फोन. मुलगा अगदी आदरानं बोलत होता. "काका, तुमच्या एस्टीमला कार्बनची दारं बसवलीत ना, कशी आहेत?" मी म्हटलं, तुला माझा नंबर कुठून मिळाला? तर म्हणाला, जाहिरातीत तुमच्या गाडीचा फोटो आहे, 'कोल्हापूरचे समाधानी ग्राहक' म्हणून. मागे शॉपचा बोर्ड दिसतो, त्यावर नंबर आहे.

माझेच वीस फोटो. त्यात माझी दारं मूळ पत्र्याची, पांढऱ्या रंगाची. त्यानं ती काळी करून घेतली होती.

"पैसे भरलेस का?" मी विचारलं.

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "बुकिंगचेच फक्त. 20 हजार."

"कधी?"

"आज सकाळी. अकरा वाजता."

घड्याळात बघितलं, दीड वाजला होता. म्हटलं, "माझा फोन ठेव. आधी 1930 लाव. यूपीआयचा व्यवहार नंबर समोर घेऊन बस. मग मला परत फोन कर."