बेदाण्याचे पैसे उरलेत: ठेव, इंडेक्स फंड की थेट शेअर?

तासगाव-सांगलीच्या सौद्यात बेदाणा गेला, औषध दुकानाची उधारी आणि मजुरी भागली, आणि तरीही आठ-दहा लाख हातात राहिले. अशा बागायतदाराचा प्रश्न ठरलेला असतो: मार्केट एवढं वर आहे, आता शिरावं का, की नेहमीप्रमाणे पतसंस्थेत पावती करावी?

यातली निवड करण्याआधी पैसा कधी लागणार ते ठरवा. फळछाटणी ऑक्टोबरात येते. तेव्हापासून माल निघेपर्यंत खर्चच खर्च असतो, आणि एखादा अवकाळी पाऊस सगळा हिशेब उलटवून टाकतो. त्यामुळे पुढच्या छाटणीचा खर्च आणि एक हंगाम वाया गेला तरी घर चालेल एवढी रक्कम शेअर बाजाराच्या जवळपासही नेऊ नये. ती बँकेत. पुढची सगळी तुलना त्यानंतर उरलेल्या पैशाची, म्हणजे निदान सात वर्षे हात न लावता येईल अशा पैशाची आहे.

पतसंस्था आणि बँक, दोन्ही ‘ठेव’च?

आपल्याकडे ठेव म्हणजे सुरक्षित आणि शेअर म्हणजे जुगार, असं सरसकट धरलं जातं. इथेच मोठी गल्लत होते. बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक राष्ट्रीयीकृत असो, खासगी असो की नागरी सहकारी, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं: एका बँकेत एका ठेवीदाराचे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून वाढली. एकाच बँकेच्या तीन शाखांत पावत्या केल्या तरी मर्यादा एकच राहते. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही. पाटी सारखी दिसते, पासबुकही सारखंच दिसतं, चेअरमन ओळखीचे असतात, व्याज टक्का-दीड टक्का जास्त मिळतं. त्या जादा टक्क्यासाठी आपण विमा सोडतो आहोत, हे माहीत असून कुणी पैसे ठेवत असेल तर ठेवावेत. पण मुलीच्या लग्नाची सगळी रक्कम एका पतसंस्थेत ठेवणं मला बाजारापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

कारण धोका दोन प्रकारचा असतो. एक, किंमत वरखाली होण्याचा. दुसरा, पैसा अडकण्याचा किंवा कायमचा जाण्याचा. ठेवीची किंमत कधी हलत नाही, म्हणून दुसरा धोका डोळ्यांना दिसतच नाही. इंडेक्स फंडात पहिला धोका रोज मोबाईलवर दिसतो, म्हणून तो खरा असतो त्याहून भयंकर वाटतो.

इंडेक्स फंडात नेमकं काय होतं

निफ्टी ५० म्हणजे शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक. त्याचा इंडेक्स फंड त्या पन्नास कंपन्यांचे शेअर ठरलेल्या प्रमाणात घेतो, बस. कुठली कंपनी चांगली हे कुणी ठरवत बसत नाही, म्हणून खर्चही कमी असतो. यादीचा आढावा वर्षातून दोनदा होतो आणि ढासळलेली कंपनी बाहेर जाते. येस बँकेचा शेअर २०१८ मध्ये ४०० च्या आसपास गेला होता. मार्च २०२० मध्ये तो काही रुपयांवर आला आणि त्याच महिन्यात निफ्टीतूनही बाहेर पडला. ज्यांचे सगळे पैसे त्या एका शेअरमध्ये होते त्यांचं कंबरडं मोडलं. इंडेक्स फंडवाल्यांच्या पन्नास कंपन्यांपैकी ती एक होती.

‘फंड कंपनीच बुडाली तर?’ हा प्रश्न गावात हमखास येतो. फंडाचे शेअर ट्रस्टच्या मालकीचे असतात आणि वेगळ्या कस्टोडियनकडे, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, राहतात. फंड कंपनी ज्यांचे पैसे देणं लागते त्यांना ते मिळत नाहीत.

मात्र पडझडीबद्दल कुणी गोड बोलत असेल तर ऐकू नका. जानेवारी २००८ मध्ये निफ्टी ६,२०० च्या वर होता, ऑक्टोबरात २,६०० च्या खाली आला. २०१० च्या अखेरीस तो जुन्या पातळीला शिवून परतला, आणि तिच्यावर नीट टिकायला २०१४ उजाडलं. दुसऱ्या बाजूला २०२० ची पडझड: जानेवारीत १२,३०० च्या वर, २३ मार्चला ७,६१० वर बंद, आणि नोव्हेंबरात पुन्हा १२,४०० पार. कधी सहा वर्षे, कधी दहा महिने. आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि सात वर्षांची अट मी याचसाठी घालतो.

एजंटकडून की थेट?

२०१३ पासून प्रत्येक फंडाचा डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधे एजंट नसलेला, मिळतो. रेग्युलर प्लॅनमध्ये एजंटचं कमिशन फंडाच्या खर्चातूनच दरवर्षी जातं. पावती फाडली जात नाही, म्हणून ते कळत नाही. समजा, १० लाखांवर १५ वर्षे ११ टक्के मिळाले तर साधारण ४७.८ लाख होतात, १० टक्के मिळाले तर ४१.८ लाख. एका टक्क्याने सहा लाखांचा फरक. मोबाईलवर केवायसी आणि व्यवहार जमत असतील तर डायरेक्टच घ्या. पण २०२०च्या मार्चमध्ये ज्या एजंटने घरी येऊन ‘विकू नका’ म्हणून थांबवलं असेल, त्याने आपलं कमिशन कमावलंय असंच मी म्हणेन. फक्त दर दोन वर्षांनी ‘हा काढा, तो नवीन घ्या’ म्हणणारा नको.

थेट शेअर

इथे सांगली जिल्ह्याची एक खास अडचण आहे: ओळखीच्या धंद्याचे शेअर घेण्याची ओढ. ऊसवाला साखर कंपन्यांचे शेअर घेतो, किर्लोस्करवाडीत नोकरी असलेला किर्लोस्करांचे. धंदा कळतो हे खरं, पण त्या धंद्याचं वाईट वर्ष आलं की शेत किंवा पगार आणि बचत एकदमच मार खातात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि साखरेचे शेअर कोसळले. त्याच बातमीने ऊसवाल्याच्या पोटातही गोळा आला होता. शेतात ऊस असेल तर बचत उसाबाहेरच हवी. (सहकारी कारखान्याचा सभासद म्हणून असलेला शेअर वेगळा. तो बाजारात विकता येत नाही, त्याला या हिशेबात धरू नका.)

ताळेबंद वाचायची आवड असेल, वेळ असेल, तर दहातला एखादा हिस्सा थेट शेअरमध्ये घालून शिकावं. टेलिग्रामवरच्या टिपांवर मात्र एक रुपयाही नाही. फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांबद्दल, तर चर्चाच नको: बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले. कुपवाड एमआयडीसीतली पंचविशीतली पोरं यात पगार ओतताना पाहिली की जीव तुटतो.

एकदम टाकावे की हप्त्याने?

पगारदाराला एसआयपी, म्हणजे दरमहा ठराविक हप्ता, सोपी. बागायतदाराला दरमहा पैसे येत नाहीत. खात्यात शिल्लक नसताना हप्ता चुकला की बँक दंड लावते. त्यापेक्षा रक्कम लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारा फंड) ठेवून तिथून दरमहा ठराविक भाग इंडेक्स फंडात वळवावा, म्हणजे एसटीपी. बारा ते अठरा महिने पुरेत. ‘मार्केट वर आहे’ ही धास्ती यात बरीचशी विरते.

कराचं थोडक्यात: शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी त्यातून केलेल्या ठेवीचं व्याज करपात्र आहे. इक्विटी फंड वर्षानंतर विकला तर वर्षाला १.२५ लाखांपर्यंतचा नफा सुटतो, वरच्यावर १२.५ टक्के, वर्षाच्या आत विकला तर २० टक्के.

आणि डोक्यावर ट्रॅक्टरचं किंवा सोनेतारणाचं कर्ज असेल तर वरचे सगळे पर्याय त्याच्यामागे. बारा टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे बारा टक्के खात्रीने मिळवणं, तेही करमुक्त. याला अपवाद पीककर्जाचा: ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे व्याज शून्यावर येतं, म्हणून ते मुदतीपर्यंत राहू द्यावं, पण मुदतीची तारीख चुकवू नये.