रीकॅप एक्स्टेंशन: फुकट, पण आधी कुणीतरी पैसे मोजलेले असतील तरच

अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांची कागदपत्रं 'पेसर' या सरकारी साइटवर मिळतात. दर पानाला 10 सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त 3 डॉलर. तिमाहीचं बिल 30 डॉलरच्या आत राहिलं तर माफ. रीकॅप (पेसरची इंग्रजी अक्षरं उलटी वाचा) हे ब्राउझरला जोडायचं एक्स्टेंशन या बिलाला कात्री लावतं. तुम्ही पैसे भरून उघडलेलं पीडीएफ आपोआप कोर्टलिसनर या साइटच्या खुल्या संग्रहात जातं. पुढच्याला त्या नोंदीशेजारी निळा 'आर' दिसतो. तो दाबला की कागद फुकट.

क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये टाका, पेसरला लॉगिन करा, एवढंच. खरी बचत डॉकेट, म्हणजे खटल्यातल्या सगळ्या नोंदींची तारीखवार यादी, मागवताना होते. खटल्याचं डॉकेट संग्रहात असेल तर रीकॅप ते कोणत्या तारखेपर्यंतचं आहे हे सांगतं. आधी ते उघडा, मग पेसरच्या फॉर्ममध्ये त्यानंतरच्याच तारखा भरा आणि पक्षकार-वकिलांच्या यादीची खूण काढा. तीस पानांऐवजी दोन पानांचे पैसे लागतात. ही तारीख न बघता जुन्या डॉकेटवर विसंबणं ही नेहमीची चूक. मधल्या काळातला आदेश त्यात नसतोच.

काही ठिकाणी रीकॅपचा इलाज चालत नाही. नावाने शोध घेतला तर निकालांच्या पानांना 3 डॉलरची मर्यादा लागू नाही, सुनावणीच्या शब्दशः नोंदींनाही नाही. जोडपत्रांचं बिल प्रत्येकी वेगळं लागतं, म्हणून मुख्य कागदाला 'आर' दिसला तरी जोडपत्रं तपासा. न्यायालयाकडून शुल्कमाफी मिळालेल्यांनी मात्र रीकॅप वापरू नये. त्या माफीच्या अटींत कागद पुढे देणं बसत नाही.

मोठा दोष संग्रहाच्या विरळपणाचा. गाजलेले खटले भरगच्च, आणि एखाद्या आडबाजूच्या जिल्ह्यातला दिवाणी दावा शोधा, तर बरेचदा एकही 'आर' नाही. हे दुर्लक्षामुळे झालेलं नाही, रचनाच तशी आहे. 2008 मध्ये 17 ग्रंथालयांत पेसर फुकट देण्याचा प्रयोग चालू होता. तेव्हा 21 वर्षांच्या अ‍ॅरन स्वार्ट्झ या प्रोग्रामरने स्क्रिप्ट लावून सुमारे 27 लाख कागदपत्रं उतरवून घेतली. प्रयोग गुंडाळला गेला, एफबीआयने चौकशी केली आणि आरोप न ठेवता सोडून दिली. ते कागद सार्वजनिकच होते. ऑगस्ट 2009 मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रीकॅप आणलं ते दुसऱ्या वाटेने: घाऊक उपसा नाही, ज्याने त्याने आपले पैसे भरायचे आणि प्रत ठेवून जायची. वाट निर्धोक, पण कुणी उघडलाच नाही तो कागद कुलपातच राहतो. मग त्याचे पैसे तुम्हीच भरायचे.

वकिलांनी recap.email ही ई-मेल सेवा जरूर लावावी. न्यायालयाच्या सूचनेसोबत मिळणारी एक मोफत प्रत त्यातून थेट संग्रहात जाते, आणि नेमके कुणी विकत घेत नाही असे कागद यातूनच संग्रहात येतात.

संग्रह आजमावायला मॅसॅच्युसेट्स जिल्ह्यातला स्वार्ट्झवरचाच, पण वेगळ्या प्रकरणातला 2011 चा खटला, क्रमांक 11-10260, कोर्टलिसनरवर शोधा. लॉगिन लागत नाही. त्याच्या मृत्यूनंतर, 14 जानेवारी 2013 ला आरोप मागे घेतले गेले. डॉकेट मात्र तिथे संपत नाही: पुढच्या नोंदी आहेत त्या खटल्यातले गोपनीय कागद खुले करण्याच्या अर्जाच्या.