प्रकाशवेग मोजण्याचा संच: यंत्र घ्या, पुस्तिका कपाटात ठेवा

बारावी आणि बीएस्सीच्या प्रयोगशाळांसाठी अंबाल्याकडून येणारा लेझरवरचा प्रकाशवेग संच जळगाव-धुळ्याच्या पुरवठादारांकडे मागवता येतो. पेटीत 650 नॅनोमीटरचा लाल लेझर, त्याला स्पंद देणारा ड्रायव्हर, फोटोडायोडचा रिसीव्हर, एक आरसा, 10 सेंमी नाभीय अंतराचं भिंग, 1 मीटर आणि 20 मीटर प्लास्टिक फायबर, दोन बीएनसी केबल आणि एक पुस्तिका एवढं निघतं. डीएसओ, म्हणजे स्पंदाचा आलेख पडद्यावर दाखवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप, आपला आपण आणायचा. यंत्र चांगलं आहे. पुस्तिका मात्र अशा माणसाने लिहिली आहे ज्याने हा प्रयोग कधी लावलाच नसावा.

आधी जुळणी. ड्रायव्हरचा सिंक (स्पंद निघाल्याची खूण देणारं टोक) डीएसओच्या पहिल्या चॅनलला, रिसीव्हर दुसऱ्याला. दोन्हीकडे 50 ओहमचं टर्मिनेशन (केबलच्या शेवटी बसवायचा रोध) लावायचं, नाहीतर केबलच्या टोकावरून स्पंद परत फिरतो आणि पडद्यावर एका शिखराची तीन दिसतात. डीएसओ किमान 100 मेगाहर्ट्झचा हवा, त्याचा स्वतःचा राइज टाइम (सिग्नल वर चढायला लागणारा वेळ) 3.5 नॅनोसेकंद असतो. जुन्या 20 मेगाहर्ट्झच्या सीआरओवर (नळीच्या ऑसिलोस्कोपवर) तो 17.5 होतो, तिथे हा प्रयोग करूच नये. नव्या डीएसओच्या मेनूतही 20 मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट असते आणि बऱ्याचदा ती कुणीतरी चालू करून ठेवलेली असते. ती आधी बंद करा आणि अ‍ॅव्हरेजिंग (अनेक स्पंदांची सरासरी) 64 वर ठेवा.

वेळ खातो तो आरसा. 5 सेंमी रुंदीच्या आरशाची एक कड 1 मिलिमीटर पुढे आली, तर 17 मीटरवरून परतणारा ठिपका सुमारे 68 सेंमी बाजूला जातो. म्हणजे भिंतीवर ठिपका शोधण्यातच पहिला अर्धा तास जाणार हे धरून चला. पेटीतला आरसा पुढून मुलामा दिलेला आहे, त्याला फडकं लावू नका, रबरी फुग्याने धूळ उडवा. तो फुटला म्हणून घरातला आरसा लावला तर काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून दुसरा फिकट ठिपका येतो आणि भिंगातून नेमका तोच पकडला जातो. लेझरवर 5 मिलिवॅटपेक्षा कमी असं लिहिलंय, तरी किरण कमरेच्या उंचीवर ठेवा, डोळ्यांच्या रेषेत नको. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही.

आता मोजणी. पुस्तिका सांगते: आरसा 15 मीटरवर ठेवा, जाऊन-येऊन 30 मीटर, पडद्यावरची वेळ वाचा, भागाकार करा. इथेच पोरं प्रकाशाला मागे टाकतात. पेटीतली सिंकची केबल 3 मीटरची आहे आणि रिसीव्हरची 1 मीटरची. आरजी-58 या 50 ओहमच्या केबलमध्ये विजेचा स्पंद प्रकाशाच्या 66 टक्के वेगाने जातो, म्हणजे मीटरला सुमारे 5 नॅनोसेकंद. सुरुवातीचा ठोकाच 10 नॅनोसेकंद उशिरा पोचल्यामुळे 100 च्या जागी 90 दिसतात आणि वेग येतो सेकंदाला 3 लाख 33 हजार किलोमीटर. रिसीव्हरच्या सर्किटचा स्वतःचा विलंब उलट्या दिशेने काम करतो. कधी दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात, उत्तर बरोब्बर 3 लाख येतं आणि सगळे खूश होऊन वही बंद करतात. ते सर्वांत वाईट.

योग्य रीत म्हणजे दोन जागा घ्यायच्या. आरसा 2 मीटरवर असताना 31 नॅनोसेकंद दिसले आणि 17 मीटरवर 131, तर फरक 100 आणि वाटेचा फरक 30 मीटर. केबल, सर्किट, सगळ्यांचे विलंब वजाबाकीत निघून जातात. टेपची काळजी करू नका, सेंटिमीटरची चूक 0.07 नॅनोसेकंदही होत नाही. काळजी शिखराच्या उंचीची करा. लांबून आलेला प्रकाश कमी असतो, स्पंद बुटका होतो आणि ठरावीक व्होल्टला उशिरा पोचतो, मग वेग कमी निघतो. म्हणून प्रत्येक वेळी शिखराच्या निम्म्या उंचीवर वेळ वाचा, किंवा जवळच्या जागी भिंग थोडं सरकवून दोन्ही शिखरं सारखी करा. एवढं केलं तर दोनेक टक्क्यांत उत्तर येतं. या किमतीत यापेक्षा जास्त अपेक्षा नको.

फायबरचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि पुस्तिकेने तो अर्ध्या पानात उरकलाय. 1 आणि 20 मीटरच्या तुकड्यांत 94 नॅनोसेकंदांचा फरक येतो, म्हणजे काचेसारख्या त्या प्लास्टिकमध्ये वेग सेकंदाला 2 लाख किलोमीटर. आता प्लग पूर्ण न दाबता अर्धवट बसवा. प्रकाश कमी पडतो, रिसीव्हर उशिरा जागा होतो, आकडा वाढतो. 2011 च्या सप्टेंबरात ऑपेरा या प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो (जवळजवळ वस्तुमान नसलेले, जमिनीतून आरपार जाणारे कण) 730 किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासोला प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद आधी पोचतात. त्यामागे हाच दोष होता. जीपीएसची वेळ 8.3 किलोमीटरच्या फायबरमधून जमिनीखालच्या घड्याळाला जायची. तिथला कनेक्टर नीट आवळलेला नव्हता, प्रकाश कमी पडत होता आणि सिग्नल सुमारे 73 नॅनोसेकंद उशिरा पोचत होता. घड्याळ मागे, म्हणून कण पुढे. दुसरा एक दोष घड्याळाच्या ऑसिलेटरमध्ये होता, तो उलट्या दिशेने 15 नॅनोसेकंदांचा.

मधली पायरी मुलांना जरूर सांगा. पहिली शंका वेगळीच होती: सर्नचे स्पंद 10.5 मायक्रोसेकंद लांब होते, त्यातून 60 नॅनोसेकंद काढणं गणिती करामत असेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात 3 नॅनोसेकंदांचे आखूड स्पंद सोडून पुन्हा मोजलं, आणि उत्तर तेच आलं. चूक जिथे शोधली तिथे नव्हतीच. शेवटी शेजारच्या एलव्हीडी उपकरणातून आणि ऑपेरातून गेलेल्या वैश्विक म्यूऑनच्या (अवकाशातल्या किरणांमुळे तयार होणाऱ्या कणांच्या) वेळा जुळवल्यावर कळलं, की हा सरकाव 2008 पासून 2011 च्या अखेरीपर्यंत टिकून होता. 2012 मध्ये ग्रान सासोच्या चारही प्रयोगांत न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने येताना दिसले.

नको असलेलं उत्तर आलं की सगळे कनेक्टर तपासले जातात. हवं ते आलं की कुणी तपासत नाही. 1941 च्या सुमारास प्रकाशवेगाचा मान्य आकडा सेकंदाला 299,776 किलोमीटर होता, अधिक-उणे 4. वेगवेगळी मापनं त्याच्याशी जुळायची. 1947 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ एसेनने मायक्रोवेव्हच्या पोकळीतून 299,792 काढला तेव्हा दिसलं, की जुळणारे आकडे मिळून सोळा किलोमीटरने खाली बसले होते.

पुस्तिकेतलं दुसरं दुखणं म्हणजे शेवटचं कोष्टक: ‘मिळालेला वेग’, ‘खरा वेग 299,792,458’, ‘टक्के चूक’. 1983 पासून हा आकडा (सेकंदाला मीटर) मोजला जात नाही, तो ठरवलेला आहे आणि मीटर त्यावरून येतो. कोष्टकात जे भरतो ती आपल्या टेपची, केबलची आणि डीएसओची चूक. ‘प्रकाशाहून वेगवान काहीच नाही’ ही ओळही अर्धवट आहे. निर्वातातल्या प्रकाशाहून वेगाने ऊर्जा किंवा निरोप जात नाही, एवढंच म्हणावं. पाण्यात प्रकाश सव्वादोन लाखांवर येतो, तिथे इलेक्ट्रॉन त्याला सहज मागे टाकतो आणि चेरेन्कॉव्हची निळी आभा दिसते. 1962 मध्ये बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांनी तर सापेक्षतेचे नियम न मोडता कायम प्रकाशाहून वेगाने धावणारे कण गणितात बसतात हे मांडलं. फाइनबर्गने 1967 मध्ये त्यांना टॅकिऑन हे नाव दिलं. अजून एकही सापडलेला नाही.

आपल्याकडच्या हवेबद्दल दोन गोष्टी. हा प्रयोग दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या प्रात्यक्षिकांपर्यंत उरकावा. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचा पारा 44-45 वर गेला, की लेझर मॉड्यूलचा प्रकाश ढासळतो आणि शिखर डोळ्यांदेखत खाली बसतं. व्हरांड्यात लावणार असाल तर रिसीव्हरच्या भिंगापुढे काळ्या कागदाची 15 सेंमी नळी बसवा, जाळीतून येणारं ऊन फोटोडायोडला आंधळं करतं. वीज गेल्यावर चौरस लहरींच्या इन्व्हर्टरवर तर नकोच, पडद्यावर सगळीकडे काटे उगवतात. 12 व्होल्टची बॅटरी सरळ ड्रायव्हरला जोडा.

जादा केबल घेताना एक लक्षात ठेवा. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी सीसीटीव्हीची तयार बीएनसी केबल पटकन मिळते, पण ती 75 ओहमची असते. फोमवाली आरजी-6 असेल तर तिचा विलंब मीटरला 4 नॅनोसेकंद, म्हणजे आरजी-58 पेक्षा वेगळा. आरजी-58 च मागा आणि 1, 2, 3, 5 मीटरचे तुकडे करून घ्या. लांबीची चिठ्ठी न लावता गटागटांना वाटा, आणि ज्या गटाचा आकडा पहिल्याच फटक्यात 3 लाख येईल त्यालाच आधी केबल बदलून पुन्हा मोजायला लावा.