रविवारची शिकवणी, अमळनेर : टीईटीचं मराठी आणि गणित

मी घरी ब्लाउज शिवते. डी.एड. २०११ ला झालं, पण महाराष्ट्रात २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली आणि ती माझी दोनदा हुकली. पेपर १ दीडशे मार्कांचा, त्यात मराठीला तीस आणि गणिताला तीस. माझी गाडी दोन्ही वेळा याच दोन विषयांत अडली. घर, मशीन आणि अभ्यास एकत्र ओढणाऱ्या बायका आपल्या खानदेशात खूप आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

शिकवणीला पाटी नाही, नाव नाही. जुन्या घराच्या माडीवर निवृत्त शिक्षक जोडपं शिकवतं. बाई मराठी घेतात, सर गणित. रविवारी सकाळी ९ ते १, महिन्याला ५०० रुपये. आम्ही अठरा जण आहोत, निम्मे आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात.

याआधी मी एका मोठ्या शहरातल्या क्लासला पैसे भरले होते. तिथे छापील नोट्सचा गठ्ठा हातात दिला आणि सांगितलं, भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद सकर्मक, नाही लागला की अकर्मक, एवढं पाठ करा. मी केलं. सराव परीक्षेत ‘ती मराठी शिकली’ हे वाक्य आलं. ‘ने’ नाही म्हणून मी अकर्मक लिहिलं आणि मार्क गेला. का गेला ते विचारलं, तर ‘अपवाद आहे’ एवढंच उत्तर मिळालं.

बाईंकडे दुसऱ्याच रविवारी हाच विषय निघाला. त्यांनी मला उभं केलं आणि विचारलं, “काल शिवताना काय तुटलं, माय?” मी म्हटलं, दोरा तुटला. “आणि मुद्दाम काय तोडलंस?” काज झाल्यावर दोरा तोडला. बाईंनी दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. तुटणं दोऱ्यातच सुरू झालं आणि दोऱ्यातच संपलं. तोडणं माझ्यापासून निघालं आणि दोऱ्यावर जाऊन पोचलं. ज्याच्यावर पोचलं ते कर्म, म्हणून क्रियापद सकर्मक. फाटणे-फाडणे, सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे अशा जोड्या मग वर्गातूनच भराभर आल्या.

‘ने’ ही फक्त खूण आहे आणि ती दर वेळी दिसतेच असं नाही, हे बाईंनी माझ्याच वाक्यावर दाखवलं. मी बाई माणूस, तरी ‘मी दोरा तोडली’ म्हणत नाही, ‘तोडला’ म्हणते. ‘मी’ला ‘ने’ लागलेला नाही, पण क्रियापद माझ्याकडे न बघता दोऱ्याकडे बघतं. खेड्यातल्या मुलांना त्यांनी अहिराणीतून विचारलं. भाकर खादी, भरीत खादं. घरी बोलतात त्यातच कर्मणी प्रयोग, म्हणजे कर्माकडे बघणारं क्रियापद, आहे हे कळल्यावर पोरांचे चेहरे उजळले. आणि शिकणे, विसरणे, पिणे यांचं म्हणाल तर ‘ती चहा प्याली’ यात चहा हे कर्म आहेच, पण ही मोजकी क्रियापदं भूतकाळातही कर्त्याकडेच बघतात. माझा गेलेला मार्क मला तिथे समजला. उलट ‘तो गावाला गेला’ यात ‘ला’ दिसतो म्हणून फसू नका, ते कर्म नाही, जायचं ठिकाण आहे.

मग बाईंनी विचारलं, जोडी नसलेलं एखादं क्रियापद सांगा. माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘उसवणे’. शिवण उसवली, आणि मी शिवण उसवली. शब्द तोच; पहिल्यात शिवण आपोआप सुटली, दुसऱ्यात मी ब्लेड घेऊन बसले होते. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “उभयविध क्रियापद. पुस्तकात उघडणे, मोडणे देतात. हे मी वहीत लिहून घेते.” आणि खरंच लिहून घेतलं. पंधरा वर्षं शिवण उसवते आहे, तो शब्द व्याकरणाच्या तासाला कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

सर दारातून ऐकत होते. ते म्हणाले, इंग्रजीत सकर्मकाला ट्रान्झिटिव्ह म्हणतात, आणि माझ्या विषयातही हाच शब्द आहे. मूळ लॅटिन, अर्थ पलीकडे जाणं. मराठीत गणिताचा शब्द वेगळा, संक्रामक. सूर्य मकरेत जातो ती संक्रांत, त्यातलाच ‘क्रम’. नववीच्या भूमितीत रेषाखंडांच्या एकरूपतेला हा गुण आहे. अ हा ब एवढा, ब हा क एवढा, तर अ हा क एवढाच. मधल्या ब वरून नातं पलीकडे जातं. एकाच वस्तूबरोबर समान असलेल्या वस्तू परस्परांशीही समान असतात, हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराला आपल्या गृहीतांत पहिलंच मांडलं.

कुठलं नातं पलीकडे जातं आणि कुठलं नाही, हे सरांनी आम्हालाच शोधायला लावलं. जळगावच्या पूर्वेला भुसावळ, भुसावळच्या पूर्वेला अकोला, म्हणजे जळगावच्या पूर्वेला अकोला. गेलं. अमळनेर तालुक्याला लागून धरणगाव, धरणगावला लागून जळगाव, पण अमळनेर-जळगाव एकमेकांना लागून नाहीत. नाही गेलं. आईची आई ही आई नाही, आजी आहे. कापडाचा आडवा धागा उभ्याला लंब, तो उभा पुढच्या आडव्याला लंब, पण दोन्ही आडवे धागे समांतर.

शेवटी सरांनी विचारलं, ‘जवळपास सारखं’ हे नातं संक्रामक आहे का? सगळे हो म्हणाले. मी नाही म्हटलं. भजनी मंडळाचे नऊ ब्लाउज कापायचे आहेत. पहिल्यावरून दुसरा कापला, दुसऱ्यावरून तिसरा, आणि दर वेळी खडूची रेघ एक सूत बाहेर गेली. शेजारशेजारचे कुठलेही दोन ठेवा, फरक डोळ्याला दिसणार नाही. पण नवव्यापर्यंत आठ सूत, म्हणजे पुरता एक इंच वाढतो. म्हणून कागदाचा पहिला खाका जपायचा आणि प्रत्येक कापड त्याच्यावरूनच कापायचं, हे मला मावशीने शिकवलं होतं. सर म्हणाले, “ताई, हे आता सगळ्यांना फळ्यावर काढून दाखवा.” मी नऊ चौकोन काढले. हात थरथरत होता.

अडचणीही सांगते. जिना उभा आणि अरुंद आहे. वर पत्रा आहे, एप्रिल-मे मध्ये अकरानंतर बसवत नाही. छापील काही मिळत नाही, सगळं स्वतः लिहून घ्यावं लागतं. सर अपूर्णांक फार भरभर घेतात, मला दोनदा थांबवावं लागलं; थांबवलं की थांबतात मात्र. इंग्रजी आणि परिसर अभ्यास इथे नाही, त्याची सोय वेगळी बघा.

पाचातले साडेचार तारे, अर्धा पत्र्यासाठी कापला. जायचं असेल तर दोनशे पानी वही आणि पाण्याची बाटली न्या, आणि पावणेनऊलाच पोचा. खिडकीजवळची जागा लगेच भरते.