सावजी, विदर्भी बुफे की एसी हॉटेल? नागपुरात मित्रमंडळींना घेऊन कुठे बसावं

मित्रांसोबत बाहेर जेवायचं ठरलं की ग्रुपवर हॉटेलांची नावं पडत राहतात आणि ठरत मात्र काहीच नाही. माझं म्हणणं असं की हॉटेल सगळ्यात शेवटी ठरवावं. कोण कोण येणार आणि किती वेळ बसायचं, एवढं आधी पक्कं केलं की नागपुरात खरे पर्याय तीनच उरतात: सावजी भोजनालय, विदर्भातल्या पदार्थांचा बुफे, नाहीतर धरमपेठ, सदर किंवा रामदासपेठेतलं एसी हॉटेल.

चार-पाच जण आहेत, सगळे मटण खाणारे आहेत आणि पित्ताचा त्रास कुणालाच नाही, तर सरळ सावजीत जा. हे जेवण मूळचं विणकाम करणाऱ्या हलबा कोष्टी समाजाच्या घरांतलं. हातमागाचा धंदा बसत गेला, तशी कितीतरी घरं खानावळीकडे वळली. म्हणून महाल, इतवारी, पाचपावली, गोळीबार चौक या जुन्या वस्त्यांकडे सावजी जास्त सापडतात. इथे मेनूकार्ड हातात येण्याआधी वाढपी तोंडीच यादी म्हणून टाकतो: मटण, चिकन, खूर (बकऱ्याचे पाय), सुंदरी (आतडी), कलेजी, अंडा करी. प्लेट समोर आली की वर लालभडक तेलाचा तवंग दिसतो. तो चमच्याने बाजूला सारा, खालचा रस्सा दाट आणि काळपट असतो. हा रंग भाजून वाटलेल्या मसाल्याचा, त्यात धने, खसखस, दगडफूल, मिरे, लवंग असं बरंच काही असतं. पहिल्या घासाला तिखट फारसं जाणवत नाही, तिसऱ्या-चौथ्या घासाला ते घशाशी येतं. पोळीपेक्षा ज्वारीची भाकरी मागवा. ती रश्श्यात कुस्करली की तिखट थोडं सावरतं आणि मसाल्याची खरी चव कळते. आणि नवख्या मित्राला पाण्याचे ग्लासावर ग्लास पाजू नका. मिरचीची आग पाण्याने विझत नाही, त्याला दही, ताक किंवा मागाहून आइस्क्रीम लागतं.

सावजीत एक गोष्ट मिळत नाही: निवांतपणा. रविवारी तुमचं जेवण सुरू असतानाच पुढची मंडळी खुर्चीमागे येऊन उभी असतात. जेवा, हात धुवा, निघा. वर्षांनी भेटलेल्या मित्रांच्या गप्पा तिथे रंगत नाहीत, आणि त्यात त्या जागेचा दोष नाही, ती जागा जेवणासाठीच आहे. रात्री काही ठिकाणी पिणाऱ्यांची गर्दी असते. मैत्रिणी सोबत असतील तर दुपारची वेळ धरा किंवा फॅमिली सेक्शन आहे का ते आधी विचारून घ्या.

शाकाहारी मित्राचं काय? पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा) आणि डाळकांदा या दोन गोष्टी चांगल्या सावजीत मटणाच्या तोडीस तोड असतात. पण एकाच स्वयंपाकघरातलं ज्याला चालत नाही, त्याला "अरे, रस्सा वेगळा असते" असं म्हणून ओढून नेऊ नये. तो येईल, बसेल आणि कांदा-लिंबू खाऊन उठेल. संकष्टी, गुरुवार, नवरात्र आणि अख्खा श्रावण हेही बघावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी श्रावण संपल्याच्या आनंदात सावजीत जायचा बेत कराल, तर त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते हे लक्षात ठेवा. महाल-इतवारीतले रस्ते माणसांनी भरलेले असतात. त्या दिवशी गाडी काढूच नका.

मंडळी आठ-दहा असतील, त्यात दोघं शाकाहारी, एखाद्याचे आईवडील, एखाद्याची लहान मुलं, तर बुफेसारखी सोय नाही. विष्णूजी की रसोई हे यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. पुण्या-मुंबईहून आलेल्या मित्राला विदर्भाचं घरगुती जेवण दाखवायचं तर मी अशाच ठिकाणी नेईन. झुणका-भाकर, सांबारवडी (म्हणजे कोथिंबिरीची वडी), पाटोडी, हिवाळ्यात वांग्याचं भरीत, हे सगळं तो एका बैठकीत चाखू शकतो. यातही वडा-भात असेल तर बाकी सगळं जरा बाजूला ठेवा. मिश्र डाळींचे खरपूस वडे गरम भातावर कुस्करायचे, वरून लाल मिरच्या आणि हिंगाची कडकडीत फोडणी तेलासकट ओतायची आणि सोबत कढी घ्यायची. भात मोकळा हवा आणि फोडणी ओतताना चुर्र आवाज यायला हवा. फोडणीचं तेल थंड झालं असेल तर नवीन मागा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

बुफेचा मोठा फायदा हिशेबाचा. माणशी किती पडणार हे आधीच कळतं. मित्रांत एखादा सध्या नोकरीत नसतो, एखाद्याचा पगार अडकलेला असतो, आणि तो हे बोलून दाखवत नाही. आकडा आधी कळला की त्याला यायचं की नाही हे मान राखून ठरवता येतं. मला ही बाब चवीइतकीच महत्त्वाची वाटते. तोटा सरळ आहे: कमी खाणाऱ्याला बुफे महाग पडतो.

एसी हॉटेलं घ्यायची ती बसण्यासाठी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा कूलरच्या दमट हवेत सावजीचा रस्सा ओरपणं सगळ्यांना जमत नाही. दोन-तीन तास गप्पा मारायच्या, कुणाची बढती साजरी करायची, तर तिथे पैसे मोजायला हरकत नाही. जेवणाबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नये. पनीर टिक्का, हक्का नूडल्स, बटर चिकन हे नागपुरात जसं मिळतं तसंच इंदुरात आणि पुण्यातही मिळतं. बाहेरगावच्या पाहुण्याला तिथे नेण्यात काही अर्थ नाही.

तिथलं बिल मात्र नीट वाचा. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. ज्या मोठ्या हॉटेलांत खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तोच कर १८ टक्के होतो. खरी गडबड सर्व्हिस चार्जची. २,००० रुपयांचं जेवण झालं तर जीएसटीसह २,१०० व्हायला हवेत. त्यात १० टक्के सर्व्हिस चार्ज घातला की त्याच्यावरही कर लागतो आणि बिल २,३१० वर जातं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे की हा चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढायला सांगा. काढला नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. वाढणाऱ्या पोराला टिप द्यायची असेल तर त्याच्या हातात द्या.

वर्धा रोड, अमरावती रोडचे ढाबे मी या तुलनेत धरत नाही. हिवाळ्याच्या रात्री मजा येते, पण ट्रकांच्या रहदारीतून परतताना गाडी चालवणाऱ्याला एकही पेग घेता येत नाही, आणि हा नियम सगळे पाळतीलच याची खात्री नसेल तर शहरातच थांबावं.

पार्किंगची कटकट मेट्रोने बरीच कमी होते. धरमपेठेकडे जायचं तर ॲक्वा लाइनवरचं शंकरनगर चौक स्टेशन, महाल-इतवारीच्या अंगाला अग्रसेन चौक किंवा चितारओळी. ऑरेंज लाइनने येणाऱ्यांनी सीताबर्डीला गाडी बदलायची. शेवटची गाडी किती वाजता आहे हे निघतानाच बघा.

आता ठरवायचंच तर: चौघं असाल आणि थंडीचे दिवस असतील तर बुधवारी दुपारी सावजी. रविवारपेक्षा बुधवारी जागा लवकर मिळते आणि मटण तेच असतं. घरच्यांसह दहा जण असाल तर बुफे. कॉलेजची जुनी टोळी जमत असेल तर एसी हॉटेल, तेही साडेसातला टेबल सांगून, कारण नऊनंतर शनिवार-रविवारी धरमपेठेत उभं राहावं लागतं. सावजीत जाणार असाल तर निघण्याआधी फोन करून खूर आणि सुंदरी शिल्लक आहे का एवढं विचारा, उशीर झाला की आधी तेच संपतं.