क्रॉप, सरळ टेलि की पेरिस्कोप: फोनमधली तिसरी जागा कोणाला द्यावी?

मुख्य आणि अल्ट्रावाइड कॅमेरे ठरले की फोनच्या आराखड्यात वाद उरतो तो तिसऱ्या जागेचा. लांबचं जवळ आणायचे मार्ग तीन: मुख्य सेन्सरचा मधला भाग कापून घेणं (क्रॉप), सरळ बसवलेली टेलि म्हणजे दूरदर्शी लेन्स, किंवा प्रिझमने प्रकाश वळवणारा पेरिस्कोप. जाहिरातीत ‘३एक्स’, ‘५एक्स’ (तिप्पट, पाचपट झूम) झळकतं, पण निवड करताना ते बाजूला ठेवा आणि लेन्समध्ये प्रकाश शिरतो त्या छिद्राचा व्यास काढा: खरी फोकल लांबी (लेन्सपासून दूरचं चित्र स्पष्ट उमटतं तिथपर्यंतचं अंतर) भागिले एफ-क्रमांक. दूरच्या वस्तूकडून किती प्रकाश येणार आणि लेन्स किती बारकावा सोडवू शकणार, हे दोन्ही मुख्यतः त्या व्यासावर ठरतं.

बाजारात आलेल्या फोनमधली तीन उदाहरणं घेऊ. पहिले दोन आकडे फोटोच्या एक्झिफमध्ये (फाइलसोबत साठवलेल्या माहितीत) कोणालाही दिसतात, बाकीचे त्यावरून काढलेले आहेत.

| कॅमेरा | फोकल लांबी, एफ | छिद्र | ६० सेंमीवर फोकससाठी सरक | ०.१ अंश हात हलल्यास चित्र सरकतं |
|---|---|---|---|---|
| आयफोन १४ प्रो, मुख्य | ६.८६ मिमी, १.७८ | ३.९ मिमी | ०.०८ मिमी | १२ मायक्रॉन |
| आयफोन १४ प्रो, ३एक्स | ९ मिमी, २.८ | ३.२ मिमी | ०.१४ मिमी | १६ मायक्रॉन |
| आयफोन १५ प्रो मॅक्स, ५एक्स | १५.६६ मिमी, २.८ | ५.६ मिमी | ०.४२ मिमी | २७ मायक्रॉन |

पहिल्या दोन ओळी नीट बघा. मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र ३एक्स टेलिपेक्षा मोठं आहे, क्षेत्रफळात जवळपास दीडपट. म्हणूनच अंधुक खोलीत ३एक्स दाबलं तरी फोन बऱ्याचदा गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून देतो. दिवसा पारडं फिरतं: ४८ मेगापिक्सेलमधून ३एक्स कापलं की हाती ५.३ मेगापिक्सेल उरतात, टेलि मात्र पूर्ण १२ देते.

२एक्सपर्यंत क्रॉपला तोड नाही. १२ मेगापिक्सेल मिळतात आणि जादा मॉड्यूल (लेन्स-सेन्सरचा संच), मोटर, कॅलिब्रेशन (कॅमेऱ्यांमधले फरक मोजून दुरुस्त करणं) यांपैकी काहीच लागत नाही. एकच खोट. अशा ४८ मेगापिक्सेलच्या क्वाड-बेयर सेन्सरवर चार शेजारी पिक्सेल एकाच रंगाचे असतात, त्यामुळे क्रॉपसाठी रंगांची मांडणी गणिताने पुन्हा करावी लागते आणि बारीक चौकटीच्या शर्टावर नसलेल्या रंगांच्या लाटा उमटतात. हा क्रॉप कमी उजेडात तपासायला विसरू नका. तिथे नॉइज (चित्रातले दाणेदार ठिपके) आणि ही मांडणी मिळून चित्र मेणचट होतं.

सरळ टेलिची मर्यादा जाडीची. लेन्सच्या पुढच्या टोकापासून सेन्सरपर्यंतची उंची फोकल लांबीच्या साधारण ०.८५ पट धरली तर ९ मिमीला ७.७ मिमी लागतात. वर काचेचं झाकण. उंचवटा दिला तर हे आठ मिमीच्या फोनमध्ये बसतं. १५.६६ मिमीला १३ मिमीच्या वर लागतील, म्हणजे विषय संपला.

पेरिस्कोपमध्ये लांबी आडवी जाते, पण जाडीचा प्रश्न सुटत नाही, फक्त जागा बदलतो. प्रिझमला छिद्राएवढी उंची हवीच: ५.६ मिमी, वर मॉड्यूलच्या आवरणाच्या भिंती. लेन्स वरून-खालून सपाट कापून थोडं वाचवता येतं. शिवाय नेहमीच्या रचनेत सेन्सर उभा असतो, म्हणून त्याची आखूड बाजूही जाडीत धरावी लागते. आयफोन १५ प्रो मॅक्समध्ये प्रकाश चारदा परावर्तित करून सेन्सर आडवाच ठेवलाय, तो यातून काढलेला मार्ग. प्रिझमच्या कडा नीट काळ्या केल्या नाहीत तर रात्री दिव्यांचे भूत-ठिपके येतात, आणि हा दोष नमुना हातात येईपर्यंत सहसा कळत नाही.

हात हलण्याची भरपाई प्रिझम झुकवून करता येते, पण दोन्ही अक्ष सारखे नसतात: एका अक्षावर प्रिझम जितकं झुकेल त्याच्या दुप्पट किरण वळतो, दुसऱ्यावर तितकाच, आणि तिथे चित्रही थोडं फिरतं. म्हणून अनेक रचनांत एक अक्ष प्रिझमकडे, दुसरा लेन्सकडे देतात. सरकही तक्त्यात पाहा: ६० सेंमीवर फोकस हवा असेल तर मोटरला ३एक्सच्या तिप्पट पल्ला लागतो. म्हणून ५एक्स कॅमेरे जवळच्या वस्तूवर हात टेकतात.

आता शेजाऱ्यांचं भांडण. लेन्स हलवणाऱ्या प्रत्येक व्हॉइस कॉइल मोटरमध्ये चुंबक असतात आणि ते बाजूच्या मॉड्यूलच्या हॉल सेन्सरला (चुंबकक्षेत्रावरून लेन्सची जागा ओळखणाऱ्या सेन्सरला) फसवतात. एका मोटरला टोकापासून टोकापर्यंत हलवा आणि त्याच वेळी दुसरीचं हॉल-वाचन नोंदवा; ते हललं तर चुंबक लांबच्या बाजूंना हलवायचे किंवा मॉड्यूलमधलं अंतर वाढवायचं. हीच चाचणी स्पीकर आणि वायरलेस चार्जिंगचे चुंबक बसवल्यावर पुन्हा घ्या. बाइकच्या हँडलवरचा होल्डरही धरा: मोठ्या इंजिनांच्या कंपनाने स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये जाहीरपणे दिलाय.

कॅलिब्रेशन जुळणीनंतरच करायचं आणि सर्व मॉड्यूल एकाच कडक धातूच्या चौकटीत बसवायची. कॅमेऱ्यांमध्ये १२ मिमी अंतर असेल तर एक मीटरवरची वस्तू मुख्य कॅमेऱ्याच्या १२ मेगापिक्सेल चित्रात सुमारे ३४ पिक्सेल सरकलेली दिसते, पाच मीटरवर सात. झूम करताना बसणारी उडी ती हीच. जुळणी चुकली की ती आणखी वाढते.

तर कोणी काय घ्यावं? बजेट तंग असेल तर चांगला मोठा मुख्य सेन्सर आणि २एक्स क्रॉप. तिसरी जागा रिकामी सोडा, पण दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो (अगदी जवळच्या फोटोंचा कॅमेरा) चिकटवून कॅमेऱ्यांची संख्या फुगवू नका. माणसांचे फोटो हा मुख्य वापर असेल तर सरळ ३एक्स, मात्र छिद्र ३.५ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. पेरिस्कोप तेव्हाच, जेव्हा पाच मिमीचं छिद्र खरोखर बसतं. बसत असेल तरी १एक्स आणि ५एक्समधली दरी आहेच: ४एक्सला मुख्य सेन्सरमधून तीनच मेगापिक्सेल येतात. लग्नाच्या मांडवात नेमकं तेवढंच अंतर असतं.